कंपाउंडरकाकांची मंडळी

कंपाउंडरकाकांची प्रार्थना सुरू होते न होते तोच संपायची. आमच्या दारव्ह्याच्या ख्रिस्ती मंडळीत एकेक जण डोळे मिटून अशी लांबण लावायचा की लेकरं झोपी जात. काका मात्र चार वाक्यांत आमेन म्हणून मोकळे. कोणी टोकलंच तर म्हणायचे, "देवाले समदं ठाऊक हाय. त्याले एवढा लांब अर्ज कायले करता?"

तीस वर्षं त्यांनी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पुड्या बांधल्या. रविवारची उपासना त्यांच्याच घरी, पुढच्या खोलीत व्हायची. आम्ही पंचवीसेक माणसं. प्रभुभोजनात येशूच्या आठवणीसाठी भाकरीबरोबर वाटायला काळे मनुके उकळून रस करायचं काम त्यांनी काकू गेल्यावरही कुणाला दिलं नाही. दारात आलेल्याला कोण, कुठला, हे विचारायची त्यांना सवयच नव्हती. "बस" म्हणायचे आणि स्वतः सरकून जागा करायचे.

बिघडलं ते आमच्यामुळे. आमच्यातले चार-पाच जण मोठ्या शहरातल्या सभेला गेले आणि फारच पवित्र होऊन परतले. मंडळीला नियम हवेत, म्हणाले. मंगळसूत्र, बांगड्या नकोत. तेरवीचं जेवण नको. आणि जो पाळणार नाही त्याला प्रभुभोजनाची भाकर नाही. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, तेव्हा फलक अर्थातच माझ्याकडे आला. निळी अक्षरं, लाल किनार. काकांनी चष्मा वर सारून तो शेवटपर्यंत वाचला.

"अक्षर झकास हाय तुह्यं," ते म्हणाले. "पन यानंच भागत असंन, त मंग येशू मेला कायले?"

मला राग आला.

त्या रविवारी कमळा आली होती. कापूस वेचायला जाणारी बाई. नवरा ख्रिस्ती नव्हता. मंगळसूत्र काढून घरी गेली असती तर सासूनं आकांत मांडला असता. तिनं ते पदराखाली दडवलं होतं आणि मान खाली घातली होती. सगळ्यांचे डोळे काकांवर. काका भाकरीचं ताट घेऊन उठले आणि आधी तिच्याकडेच गेले.

"घे, कमळे. आपन गळा पाहून नाही देत."

ती रडायला लागली. आम्ही बाकीचे उठून बाहेर आलो.

पुढच्या रविवारपासून कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या एका हॉलमध्ये आमची वेगळी उपासना सुरू झाली. काकांकडे कुणी जायचं नाही, असंही ठरलं. खरं सांगतो, मला ते नियम बरे वाटत. आपण चांगले आहोत की नाही, हे फलकाशी ताडून शनिवारीच कळून जायचं. कमळा नवऱ्याच्या कामापायी घाटंजीकडे गेली आणि काकांच्या खोलीत काका एकटे उरले.

तरी उपासना चुकली नाही. एका रविवारी त्यांच्या घरावरून जाताना मी स्कूटर थांबवली. आत काका म्हणत होते, "चला, आपन गाऊ." मग एकटेच गायले, बेसूर. प्रार्थना त्या दिवशी लांबली, कारण ते आमची सगळ्यांची नावं घेत होते. माझंही घेतलं. दार उघडंच होतं. मी स्कूटरला किक मारली.

नंतर दिग्रसजवळच्या आमच्या गावी माझा थोरला भाऊ वारला. घरचे ख्रिस्ती नव्हते; तेरवीला वहिनीनं पान वाढलं. मला नाही म्हणवलं नाही. हॉलमध्ये कळलं आणि सहा महिने माझी भाकर बंद झाली. नियम माझ्याच अक्षरातला, तेव्हा बोलायची सोय नव्हती. ताट येई, मला ओलांडून पुढं जाई. त्या दिवसांत मला काकांची फार आठवण यायची, पण गेलो नाही.

आणि मग काका बसस्टँडवरच दिसले. त्यांची मुलगी त्यांना नागपूरला नेत होती. ती तिकडे गाडीची चौकशी करायला गेली होती. मी जवळ बसलो, सगळं सांगितलं. त्यांनी डबा उघडला, पोळी मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.

मी आधी मागं वळून पाहिलं. हॉलमधलं कोणी आहे का, म्हणून.

काकांच्या ते लक्षात आलं. "पाह्यलं त पाह्यलं कोनी. खाय," ते म्हणाले. तेवढ्यात गाडी लागली. मुलीचा हात धरून ते चढले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. पावसाळ्याआधीच गेल्याचं कळलं.

ती पोळी मी तिथं खाल्ली नाही. रुमालात गुंडाळून घरी आणली, दाराला कडी लावली आणि मग खाल्ली.