वरातीपुढं उलटे चालणारे साहेब

काळजी करण्यात आमच्या भाडेकरूंचा, बँडवाल्या साहेबांचा, हात धरील असा माणूस अख्ख्या बीदर जिल्ह्यात झाला नाही. आभाळ स्वच्छ असलं तर उद्या भरून येईल म्हणून, आणि भरून आलं तर क्लॅरिनेटचं लाकूड फुगेल म्हणून ते बेचैन असत. बीदरजवळ नौबादला आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत ते राहायला आले, तेव्हा मी नुकतीच सून म्हणून त्या घरात आले होते. पहिल्याच सकाळी त्यांनी माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, विचारलं की ही भिंत पडणार तर नाही ना. अप्पांचं धान्याचं दुकान; बोलणं मोजकंच. ते म्हणाले, 'तुमच्या-आमच्या आधी न्हाई पडत.' साहेबांना नवीनच काळजी लागली. आपण भिंतीच्या आधी पडलो तर बँडचं कसं व्हायचं?

साहेब मूळचे लॅटव्हियाचे. तिथं रीगा नावाच्या शहरात ते ऑपेराचे संचालक होते. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच, फक्त त्यात भांडायचं असलं तरी गाऊन भांडतात, आणि वादकांचा सगळा ताफा एका माणसाच्या हातातल्या बारीक छडीकडं बघून वाजवतो. ती छडी साहेबांची. हैदराबादच्या एका जहागीरदारानं आपल्या बँडला शिकवायला त्यांना बोलावलं. थोडे दिवस राहून परत जायचं ठरलं होतं, तेवढ्यात तिकडं युद्ध पेटलं आणि शेजारच्या मोठ्या देशानं त्यांचा लहानसा देश गिळला. पुढं इकडं निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली, जहागिरी गेली, बँड मोडला. त्यातल्या बीदरच्या वादकांनी गावी येऊन लग्नाचा बँड काढला आणि येताना आपल्या उस्तादालाही घेऊन आले. रीगाच्या नाटकगृहातून निघालेला माणूस असा कमठाणा गावच्या वरातीपुढं येऊन उभा राहिला.

उभा राहिला तो रस्त्याकडं पाठ करून. वादकांकडं तोंड केल्याशिवाय छडी चालवायची कशी? आणि वरात पुढं सरकणार, म्हणजे साहेबांना उलटं चालणं आलंच. काळा कोट घालून ते बोळाबोळांतून, शेणातून, घरी परतणाऱ्या म्हशींच्या कळपातून मागं मागं चालत. एकदा ते चालता चालता हलवायाच्या जिलेबीच्या परातीत बसले, पण छडीचा हात काही थांबला नाही. त्यांचा पाकातला कोट धुताना मी रागावले, तेव्हा ते अगदी गंभीरपणे म्हणाले, 'हाथ रुका तो सब रुकता, अक्का.' मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी ते मला अक्काच म्हणत.

माझ्या नणंदेचं लग्न निर्णा गावच्या मातब्बर घरात ठरलं, बँड अर्थातच आमच्याकडून, आणि साहेबांची झोपच उडाली. घोडा बुजेल, ढोलाचं कातडं फाटेल, व्याह्यांना चाल आवडणार नाही, असं रोज काहीतरी. ती भीती हळूहळू आम्हा सगळ्यांनाच चिकटली. शेवटी वरात आमच्या गल्लीत वळली आणि एकाएकी वाजंत्री थांबली. आत मुंडावळ्या बांधून बसलेल्या नणंदेनं माझा हात घट्ट धरला. मी बाहेर ओट्यावर धावले.

नवऱ्या मुलाचे वडील बँडपुढं आडवे उभे होते. 'हा मानूस उलटा कामून चालायलाय? शुभकार्यात उलटं पाऊल आम्हाला चालत न्हाई. ह्याला काढा, न्हाईतर वरात माघारी जाईल.'

साहेबांचा गोरा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी छडी खाली केली, माझ्याविना वाजवा म्हणून वादकांना खुणावलं आणि ते बाजूला होऊ लागले. वादकांपैकी कुणीच वाद्य उचललं नाही. सगळे अप्पांकडं बघत होते. लग्न मोडलं, असंच मला वाटलं.

मग अप्पा शांतपणे म्हणाले, 'पावनं, ते उलटं न्हाई चालायलेत. नवरदेवाकडं तोंड करून चालायलेत. दुसऱ्या बँडात समदेच नवरदेवाला पाठ दाखवतेत. आमचा एक तरी मानूस दाखवत न्हाई.'

एवढं बोलून ते साहेबांच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले. 'चला साहेब. रस्ता मी बघतो.'

वधूपिताच वाट दाखवायला लागल्यावर व्याह्यांनीही वाट सोडली. ते घोड्याच्या बाजूला झाले आणि हलकेच म्हणाले, 'वाजवा.' मांडवापर्यंत अप्पा साहेबांना धरून नेत होते. साहेब रडत होते, पण ताल कुठंही चुकला नाही.

पुढं छप्पन साली हैदराबाद राज्य मोडून भाषेप्रमाणे वाटून टाकायचं ठरलं. बीदर म्हैसूर राज्याकडं जाणार, असं लोक बोलू लागले. आमच्या घरात मराठी आणि कानडी दोन्ही नांदत होत्या, त्यामुळं कुणाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. साहेब मात्र रोज संध्याकाळी दुकानात येऊन अप्पांना विचारत, 'अब तुमारा मुलुक किधर जाता, अप्पा?'

एके दिवशी अप्पा हसून म्हणाले, 'आम्ही कुठं जातो, साहेब? घर हितंच, दुकान हितंच. वरचं नाव बदललं म्हणून काय झालं?'

साहेब ज्वारीच्या पोत्यावर बसले होते. ते खाली बघत म्हणाले, 'हमारा मुलुक गया तब हम भी ऐसाच बोले थे.'

अप्पांनी हातातला तराजू खाली ठेवला. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं आणि साहेबांच्या शेजारी जाऊन बसले. मी चहा घेऊन गेले तेव्हा अप्पांचा हात साहेबांच्या खांद्यावर होता.