लायब्ररीत आहे
गरम इंजिनावर सांडलेल्या ऑइलचा वास आला की मला अमेरिकेत, टेक्सासच्या अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या पायऱ्या आठवतात. नव्वदच्या दशकात तिथे शिकत असताना मी एक जुनी मोटरसायकल घेतली होती, आणि घरी सांगितलं नव्हतं. बाबांनी ऐकताक्षणी विकायला लावली असती. म्हणून रूममेटला पढवून ठेवलं होतं, घरून फोन आला तर सांग, लायब्ररीत आहे. त्या मार्चमध्ये तीन दिवस न्यू मेक्सिकोत एकटाच भटकून मी धुळीने माखलेला, खुशीत परतलो, तर रूममेट पायरीवर बसलेला. "यार, आईंचे चार फोन आले. मी दर वेळी लायब्ररीच सांगितलं. बाबा ॲडमिट आहेत हे त्या बोलल्याच नाहीत रे. आज सकाळी तुझ्या काकांचा फोन आला..." मी फोन लावला तेव्हा बाबांना स्मशानात पोहोचवून सगळे घरी आले होते. आई एवढंच म्हणाली, "तुझा आवाज ऐकायचा म्हणत होते. मीच म्हटलं, अभ्यासात आहे, राहू द्या." ती गाडी अजून माझ्याकडे आहे, पहिल्या किकला चालू होते. आई मागच्या वर्षी गेली. "हे गेले तेव्हा तिकडे तो अभ्यासात होता हो," असं ती शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि सुट्टीत गेलो की मी समोर बसून ऐकायचो.