भोंगाअण्णांचं अळणी भांडण

तारिहाळच्या कारखान्याचा भोंगा बिघडला की मालक आमच्या शेजारच्या अण्णांना फाटकात उभं करून ओरडायला लावायचा, असं हुबळीची अख्खी कमरीपेठ सांगते. मी थोडं कमी करून सांगतो. अण्णा नुसते शिंकायचे आणि धारवाडातल्या शाळा सुटायच्या. त्यांची आमची भिंत एक, म्हणून आम्ही रेडिओ कधी घेतलाच नाही.

या आवाजाचा मुख्य उपयोग बायकोशी भांडायला. अक्काचं माहेर अळणावर. आमटीचा पहिला भुरका मारला की अण्णा गरजायचे, "अळणावरची माणसं, सगळी अळणी!" आतून अक्का, "मग लग्नात तिथली जिलबी धोतराच्या सोग्यात बांधून कुणी आणली हो?" हे झाल्याशिवाय गल्लीत कुणी घास उचलायचं नाही.

पण कारखान्याच्या ओतशाळेतली लोखंडाची धूळ आणि विड्यांचा धूर यांनी अण्णांची छाती आतून पोखरली. विद्यानगरचे डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं गेली तेवढी गेली, उरलीत ती सांभाळा. आणि अक्का, यांना धाप लागेल असं काही करू नका."

झालं! अक्कानं भांडणच बंद केलं. आमटी खारट म्हटली, तर "बरं." अळणी म्हटली, तरी "बरं." "तुझा भाऊ बैल आहे" म्हटलं, तर "बरं हो."

अण्णा वाळले. ऑक्सिजनचं मशीन घुरघुरायचं म्हणून घरात कुणी राहतं एवढं कळायचं. मला खिडकीशी बोलावून म्हणाले, "हिनं मला... फोटोत बसवलं रे. हार... तेवढा राहिलाय." इकडे अक्का आमच्या परसात येऊन डोळे पुसायची. "मी एक बोलायची आणि ह्यांचा श्वास अडकला तर?"

एका दुपारी मी त्यांच्याकडे जेवत होतो. अण्णांनी सगळं बळ एकवटलं. "अळणावरची... माणसं... स..." पुढे हवाच संपली. हात नुसता ताटाशेजारी आपटत राहिला. अक्का बघत राहिली, ओठ चावत राहिली आणि फुटलीच.

"सगळी अळणी! म्हणा की पुरतं! अर्धंच काय टाकता? आणि तुम्ही हुबळीचे काय पाकात घोळलाय?"

अण्णांच्या डोळ्यांत दिवाळी! उत्तर द्यायला त्यांनी बोट वर केलं. त्यांच्या वतीनं मीच बोलायला गेलो, तशी अक्का कडाडली, "तू थांब रे! त्यांना श्वास घेऊ दे!"

तेव्हापासून भांडण पुन्हा सुरू. अण्णा पहिला शब्द द्यायचे, वाक्य अक्का पुरं करायची आणि उत्तरही तीच द्यायची. कधी तिनं त्यांच्या तोंडी सौम्य काही घातलं, की अण्णा कन्नडात "साकु!" म्हणजे पुरे, असं तिला अडवायचे. "एवढं मऊ... मी कधी... बोललो?" ते श्वास घेईपर्यंत ती थांबायची, भिंतीला कान लावून आम्ही थांबायचो, आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षासुद्धा थांबायच्या, देवाशपथ.

गेल्या थंडीत अण्णा गेले. परवा अक्कानं जेवायला बोलावलं. आमटीत मीठ घालायचंच राहिलं होतं. माझं तोंड बघून ती खुदकन हसली.

"अळणावरची माणसं..." म्हणाली आणि थांबली.

पुढचं बोलायला मी तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"थांब रे. त्यांना श्वास घेऊ दे."