खोड आधी सांगा

आमच्या अणदूरचा सोयरिकी जुळवणारा गडी हल्ली सौरयंत्रं खपवतो, तीबी पोहे खाऊनच. वडीलधारा म्हणून मला बसवतो.

कांदा वाळवणाऱ्या कारखानदाराला शहरातल्या गिऱ्हाइकानं बजावलं होतं, नेट झिरो करा, भट्टीचा धूर बंद, न्हायतर माल नको. गड्यानं ईट गावचा कारागीर आणला. त्याचं उन्हावर कांदा वाळवणारं यंत्र अजून एकबी खपलं नव्हतं.

पोहे झाले. गडी म्हणाला, "आता यंत्राची खोड सांगा."

कारागीर चाचरला, "ढगात वाळत न्हाय."

"तेवढे दिवस कांदा चाळीत ठेवू," कारखानदार हसला. "बाकीचे यंत्रवाले म्हणले, खोडच न्हाय. तुमचंच घेतो."

म्या गड्याला टोकलं, "माझ्या पोराच्या सोयरिकीत पोरीची खोड का न्हाय इचारली?"

"काका, आधी तुमच्या पोराची सांगावी लागली असती."

म्या पोह्याची बशी पुढं ओढली.