सावडीतली माझी पात

माझ्या उजव्या गुडघ्याची वाटी पहिल्यांदा सरकली तेव्हा मी चाळिशीत होते. रांजणगावला कंपन्या नुकत्याच येत होत्या, ती वर्षं. वरवंडजवळच्या आमच्या रानात कांद्याचा वाफा खुरपत होते. उठायला गेले आणि वाटी बाहेरच्या अंगाला गेली. डोळ्यांपुढं काळं झालं. पाय हळूहळू लांब केला, तळहातानं वाटी आत ढकलली. ती बसली. साडी खाली ओढून मी पुन्हा खुरपं हातात घेतलं.

दौंडच्या डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, वाटी बसायची खोबणच उथळ आहे. उकिडवं बसू नका, मांडी घालू नका, पट्टा बांधा. पुण्याला ऑपरेशन होईल, पण खात्री देता येत नाही. मी विचारलं, मग खुरपायचं कसं? त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आम्हा पाच बायकांची सावड होती. आज सगळ्यांनी माझ्या रानात खुरपायचं, उद्या जावेच्या, परवा तिसरीच्या. मजुरी नाही, दिवसाला दिवस. जिला दिवस फेडता येत नाही तिला सावडीत जागा नाही. म्हणून मी दुखणं सांगितलं नाही. साडीखाली पट्टा बांधून जायचे. प्रत्येकीची एक पात असते, म्हणजे खुरपत पुढं न्यायच्या आपल्या वाट्याच्या ओळी. माझी पात मागं पडू लागली. जाऊ शेजारी बसायची आणि न बोलता माझ्या दोन ओळी तिच्या पातीत ओढून घ्यायची. पुढं गेलेल्या बायका विचारायच्या, आक्का, डुलकी लागली का काय? मीही हसायचे. घरी पोचेपर्यंत गुडघा सुजून पट्टा मांसात रुतलेला असायचा. असं दोन-तीन वर्षं चाललं.

मग एकदा जावेच्या रानात वाटी सरकली ती परत बसेना. मी ओल्या वाफ्यात आडवी झाले. रोपं अंगाखाली चेंगरली. चौघींनी उचलून मला बैलगाडीत घातलं. त्या दिवशी जावेचं खुरपण तसंच राहिलं.

आठवड्यानं माझ्या रानाची पाळी आली. चौघी आल्या. मला बांधावर बसवून म्हणाल्या, तुम्ही फक्त चहाचं बघा. दुपारी भाकरी खाताना मी म्हटलं, बरी झाले की तुमचे दिवस फेडीन. आमच्यात सगळ्यांत वयस्क बाईला आम्ही मावशी म्हणायचो. ती म्हणाली, "फेडायचं काय त्यात? लंगड्या माणसाला कोण दिवस मागतंय?"

तिनं मायेनं म्हटलं होतं. मी उरलेली भाकरी परत फडक्यात बांधली.

जाऊ म्हणाली, "आक्का, खरं सांगू का? तुम्ही येऊच नका आता. तुमच्याकडं बघत बसतो आन् कामात ध्यान ऱ्हात न्हाई."

"मग तुम्हीबी माझ्या रानात येऊ नका."

"राग धरला व्हय?"

"राग न्हाई. फुकटचं नको."

कुणी आग्रह केला नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी रान पुरं केलं आणि गेल्या. जाऊ खरं तेच बोलली. तिच्या जागी मी असते तर आधीच बोलले असते.

पुढच्या हंगामात मी एकटीच खुरपत होते. गोणपाटावर बसून, पाय लांब करून, ढुंगणावर सरकत. दिवसाला एक वाफा व्हायचा, तोवर मागच्या वाफ्यात गवत उगवायचं. एकदा त्या चौघी शेजारच्या रानात होत्या. खुरपत खुरपत बांधापर्यंत आल्या आणि कशावरून तरी सगळ्या मोठ्यानं हसल्या. मी मान वर केली. काय झालं ते कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.