माळावरचे किडे

माझी फजिती ऐकायची असेल तर हातातला चहा आधी संपवा, कारण पुढे सगळं शेणच आहे.

मी बेळगावात खुर्चीत बसून नोकरी करणारा माणूस. गाव निपाणीजवळ. तिथे आप्पा, म्हणजे वडील, थोरली आक्का आणि दोन म्हशी. नुसत्या डोळ्यांनी मातीचं आरोग्य कसं ओळखावं, याचे व्हिडिओ मी मोबाईलवर बघायला लागलो आणि स्वस्थता गेली. बागेत फिरायला गेलो तरी वाकून माती हुंगायचो. बायको दहा पावलं लांबून चालायची.

त्या रविवारी गावी गेलो, तर शेणखताची ट्रॉली दारात. एकच ट्रॉली. म्हशींच्या माळाला टाकायची की उसाला? ट्रॅक्टरवाला घाई करत होता.

"शिकलायस न्हवं, बघून ये जा," आप्पा म्हणाले. "तू म्हणशील तसं. पर माळाचं गवत गेलं तर म्हशी काय खातील, ध्यानात ठेव."

मी कुदळ घेऊन जवळजवळ पळतच गेलो. खरं सांगतो, माळ काही बरा दिसत नव्हता. मधेमधे टक्कल. खणलं तर ढेकळं, गांडूळ एकही नाही. पण शेण? कालच म्हशी चरून गेलेल्या, आणि आज शेणाचा एक पो दिसेना!

व्हिडिओत सांगितलं होतं, माती जिवंत असली की किडे शेण भराभर जमिनीत ओढून नेतात. इथे तर एका रात्रीत साफ. एवढी जिवंत माती कुणी पाहिली आहे का? मी टक्कल विसरलो, ढेकळं विसरलो.

"आप्पा, माळ एक नंबर हाय. खत उसाला टाका."

"नीट बघितलंस न्हवं?"

"माझ्या डोळ्यांनी."

ट्रॉली उसात रिकामी झाली.

जेवताना मला राहवेना. किड्यांचं कौतुक सुरू केलं. किती मुकाट राबतात, नाव नाही, मजुरी नाही. आक्काचा हात भाकरीवरच थांबला.

"किडं न्हाईत रं. रोज दिस उगवायच्या आत पाटी घेऊन मी जाते. शेणी थापाय. सकाळी तुझं आंघोळीचं पाणी कशावर तापलंतं?"

आप्पा ताटावरून उठून माळाकडे गेले, आणि मला फार लाज वाटली. माझ्या शब्दावर त्यांनी ट्रॉली उसात ओतली होती.

तेव्हापासून दर रविवारी पहिल्या बसने गावी जातो आणि गोठ्यातलं शेणखत पाटी-पाटीने माळावर नेऊन पसरतो. परवा शेजारच्या अण्णांनी बांधावरून विचारलं, "आप्पा, माळाचं कसं काय?"

"सुधारतोय," आप्पा म्हणाले. "किडा आलाय आता. एकच हाय, पर बेळगावास्नं येतोय."