वॉशिंग्टनमधली चपलांची राखण

अमेरिकेच्या राजधानीत मी एकदा अर्धा तास सरकारी पायऱ्यांवर नोकरी केली. नेमणूक कोणी केली नव्हती, त्यामुळे राजीनामा कुणाकडे द्यायचा हेही कळेना.

गोष्ट त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीतली. नववीत मी शाळा सोडली तेव्हा आमचे सर वैतागून म्हणाले होते, "दत्तू, तू पुढे देवळाबाहेर चपला राखशील!" दादा मात्र शिकला, इंजिनिअर झाला, अमेरिकेत गेला आणि मलाही तिकडे ओढून घेतलं. त्याच्या ओळखीच्या मोटेलात मी चादरी बदलायचो. दादाचे उपकार एवढे, की त्याच्या घरी मी खोकायलासुद्धा अंगणात जायचो. एकच धाकधूक असायची: आपल्या हातून काहीतरी होईल आणि दादाला खाली बघावं लागेल.

तशात वहिनीचे आईवडील मिरजेहून आले. शनिवारी नेमकं दादाला ऑफिसात काम आणि वहिनीला ताप!

"दत्तू, काका-मावशींना वॉशिंग्टन दाखव. सगळं चालत बघता येतं. पाच वाजता इथेच घ्यायला येतो," गाडीतून आम्हाला उतरवताना दादा म्हणाला. "आणि दोघांना नजरेआड होऊ देऊ नकोस!"

माझं इंग्रजी एकूण दोन वाक्यांचं. एक, 'येस, थँक यू.' दुसरं, अडचणीत सापडलास तर म्हण म्हणून दादाने शिकवलेलं, 'माय ब्रदर इज इंजिनिअर.'

घुमट बघितला, मनोरा बघितला. काका दर इमारतीपाशी उभे. "ही कसली रे?"

"सरकारी असणार, काका."

"मागचीही सरकारीच म्हणालास! तुला माहीत आहे की ठोकून देतोयस?"

(ठोकूनच देत होतो.)

शेवटी एका प्रचंड स्मारकाशी पोचलो. खूप पायऱ्या, वर खांब, आणि आत भल्यामोठ्या खुर्चीत बसलेले दाढीवाले संगमरवरी राष्ट्राध्यक्ष. मावशींनी खालूनच हात जोडले.

"अगं बाई, केवढं देऊळ!"

"देऊळ नाही मावशी, जुने राष्ट्राध्यक्ष आहेत ते. त्यांनी गुलामगिरी बंद केली."

"मग देव आणखी वेगळं काय करतो? बूट काढा हो!"

काकांनी निमूट बूट काढले. मावशींनी साडीखाली घातलेले वहिनीचे पांढरे कॅनव्हासचे बूट काढून शेजारी नीट लावले. "दत्तू, तू राख. परक्या देशात कुणाचा भरवसा?"

दोघं अनवाणी वर गेली. मी पायरीवर बसलो, मान वर करकरून नजर ठेवत. एवढ्यात जपानी पाहुण्यांची बस आली. पुढच्या गृहस्थांनी रांगेतले बूट बघितले, शेजारी बसलेला मी बघितला आणि अदबीने काहीतरी विचारलं.

"येस, थँक यू," मी म्हणालो.

त्यांनी वाकून बूट काढले! मग त्यांच्या बायकोने. मग अख्ख्या बसने! मी "येस, येस" करत उठतोय तोवर माझ्यापुढे चपलांचं दुकान लागलेलं. आणि वर बघतो तर काका-मावशी गायब!

आता आली का पंचाईत! वर धावावं तर एवढ्या लोकांची पादत्राणं उघड्यावर. बसून राहावं तर दादाचे सासू-सासरे गेले! मी चार पायऱ्या चढायचो, बूट आठवले की सहा उतरायचो. माझी ही कवायत बघून मोठी हॅट घातलेली उंचपुरी गार्डबाई आली. रांगेकडे बोट दाखवून तिने काहीतरी विचारलं.

"येस, थँक यू!"

तिने आणखी काहीतरी विचारलं.

"माय ब्रदर इज इंजिनिअर!" मी जवळजवळ रडत म्हणालो.

तिने कमरेचा वायरलेस काढला. संपलं! मला बेड्या, दादाची नोकरी गेली, वहिनी माहेरी... (तिचं माहेरही मी नुकतंच हरवलं होतं!)

इतक्यात इमारतीच्या मागून मावशी आल्या. मागे धापा टाकत काका.

"कुठे होतात, मावशी?"

"प्रदक्षिणा नको घालायला?" त्यांनी पर्समधून खडीसाखर काढली आणि गार्डबाईला म्हणाल्या, "हात पुढे कर गं. डावा नको, उजवा!"

बाईने चक्क उजवा हात पुढे केला. खडीसाखर तोंडात टाकली आणि हसत सुटली. तोवर जपानी मंडळी उतरली, आपापले बूट चढवून एकेकाने मला वाकून नमस्कार केला. एक जोड इकडचा तिकडे नाही!

पाच वाजता दादाने गाडीत सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दत्तू, दोन माणसं सांभाळायला दिली होती रे!"

"त्याला काही बोलू नका, जावईबापू," मावशी म्हणाल्या. "केवढा विश्वास आहे इथल्या लोकांचा त्याच्यावर!"

मिरजेला परतल्यावर मावशी मुद्दाम आमच्या गावी गेल्या आणि आईला सांगून आल्या, की दत्तूला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दारात मान आहे. आईने आनंदाने गावभर पेढे वाटले. सरांच्या घरीही दिले.

पेढा खाऊन सरांनी नीट चौकशी केली म्हणे, दत्तू तिथे नक्की काय करत होता. मग शांतपणे म्हणाले, "मी नववीतच सांगितलं होतं!"